पैशाचं कार्ड, कात्री आणि सरकार

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांची पत्रांची तार खाली आली. ज्यांच्या घरी होती त्यांना वेगळं सांगायला नको. वर आकडा, खाली लाकडी चकती आणि मध्ये टोचलेली शंभरेक कार्डं. भाची सुट्टीला आली होती. म्हणाली, "मामा, यातली चार दे ना. कापून, चिकटवून चित्र करायचंय. आम्ही मैत्रिणी अशी कार्डं करून एकमेकींना पोस्टानं पाठवतो."

मी खेकसलोच. "कात्री लावायची नाही!"

ती शांतपणे म्हणाली, "बरं. पण तू वाचलीयस का ही कधी?"

नव्हती वाचली. वीस वर्षं लोकांची कागदपत्रं धुंडाळतोय आणि घरातली तार तशीच. त्या रात्री बसलो. कार्डं वाचली, आणि जुन्या कार्डांवर चित्रं करून वाटायची ही भानगड आली कुठून, तेही शोधलं. वाटलं होतं हल्लीचं खूळ असेल. निघाला शंभर वर्षांचा इतिहास, आणि त्यात तुरुंगही निघाला.

मंडळी, सुरुवात कार्डापासूनच करू. पोस्टकार्ड पहिल्यांदा आलं १८६९ साली, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. पत्र पाठवणं पहिल्यांदाच गरिबाच्या आवाक्यात आलं. फक्त एक अट होती. पाकीट नाही. पोस्टमास्तरपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावं.

आणि आपल्या लोकांनी त्या कार्डाला पहिल्यापासून हात लावलाच की! लग्नाच्या कार्डाला हळदकुंकवाची बोटं. कोणी गेल्याचं कार्ड असेल तर कोपरा फाडलेला. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हातात पडताक्षणी कळायचं. ते कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. म्हणून आमच्या तारेवर कोपरा फाटलेलं एकही नाही. सरकारनं लाखोंनी सारखी छापलेली वस्तू माणसं आपली करून घेत होती.

हेच चित्रांचंही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती घरोघर पोचल्या. या छापखान्यानं पोस्टकार्डंही काढली. मोठी चित्रं घरी आल्यावर अनेक ठिकाणी त्यांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून देवीला खरंखुरं लुगडं नेसवलं जायचं. छापील लक्ष्मी सगळ्यांची सारखी, मढवलेली मात्र आपल्या घरची. तेव्हा याला कोणी कला म्हटलं नाही.

तिकडे युरोपात म्हटलं गेलं. १९१८ चा उन्हाळा, पहिलं महायुद्ध संपत आलेलं. चित्रकार हॅना होख आणि राऊल हाउसमान बाल्टिक समुद्राकाठच्या एका गावात राहायला गेले होते. तिथल्या घरांत भिंतीवर सैनिकाचं छापील चित्र असायचं. गणवेश सगळीकडे तोच, फक्त तोंडाच्या जागी त्या घरच्या पोराच्या फोटोतलं डोकं कापून चिकटवलेलं. आपल्याला फोटो कापून चित्र जोडायची कल्पना तिथं सुचली, असं दोघांनी पुढे सांगितलं. म्हणजे जगभरच्या कलाशाळांत आज शिकवली जाणारी ही पद्धत सैनिकांच्या घरच्या भिंतींवर आधीच होती.

कापणं-चिकटवणं झालं. आता वाटणं. हे काम केलं न्यूयॉर्कच्या रे जॉन्सननं. १९५० च्या दशकापासून हा माणूस कात्रणं, चित्रं, चिठ्ठ्या यांची जुळणी करून ओळखीच्यांना पोस्टानं पाठवायचा. त्यात सूचना असायची, यात तुमची भर घाला आणि परत पाठवा, किंवा पुढच्या अमक्याला पाठवा. चित्र पूर्ण कधी होणार आणि कोणाचं म्हणायचं, याचं उत्तरच नाही. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं या टपालाचं प्रदर्शन भरवलं. त्यात लोकांनी पाठवलेली पत्रं आणि कार्डं होती.

यातून 'मेल आर्ट' म्हणजे टपालकलेची रीत पडली. नियम साधे. प्रवेश फी नाही. निवड समिती नाही. जे येईल ते सगळं मांडायचं. आलेलं परत मिळणार नाही, पण भाग घेणाऱ्यांची यादी प्रत्येकाला पाठवायची. आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही चित्रकला स्पर्धेशी हे ताडून बघा. इथं बक्षीस नाही, म्हणून वशिलाही नाही.

आणि इथंच सरकारं बिथरली.

ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. १९७६ साली रेसिफे शहरात पाउलो ब्रुस्की आणि डॅनिएल सांतियागो यांनी आंतरराष्ट्रीय टपालकलेचं प्रदर्शन भरवलं, तेही थेट पोस्टाच्या इमारतीत. उघडल्या उघडल्या पोलिसांनी ते बंद पाडलं, दोघांना पकडलं. पुढच्या वर्षी उरुग्वेत क्लेमेन्ते पादिन आणि होर्हे काराबायो यांना अटक झाली. आरोप काय, तर सैन्याची बदनामी. पादिन दोन वर्षांहून जास्त काळ आत होता. त्याच्या सुटकेसाठी देशोदेशींच्या टपालकलाकारांनी मोहीम चालवली. ज्या माणसाला त्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, फक्त त्याची कार्डं पाहिली होती.

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, आणीबाणी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. काय छापायचं हे संपादक नाही, अधिकारी ठरवत होता. आणि टपाल उघडायचा अधिकार तर सरकारकडे १८९८ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून होताच. तो कायदा गेला, २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवायचा अधिकार नव्या कायद्यातही आहे. मी फक्त नोंद करतोय. राजवट कुठलीही असो, कागदाच्या चतकोर तुकड्याकडे तिचं लक्ष असतंच.

शेवटचा टप्पा १९९७, स्वित्झर्लंडमधलं झुरिक. श्टिर्नेमान नावाच्या कलावंतानं खेळण्यातल्या पत्त्याएवढी, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांची बाराशे कार्डं रंगवून प्रदर्शन भरवलं. शेवटच्या दिवशी लोकांना सांगितलं, तुम्हीही करून आणा, अदलाबदल करू. मुख्य अट एकच, विकायचं नाही. आज जगभर लोक जुन्या पोस्टकार्डांवर नकाशे, तिकिटं, लेस, दोरे चिकटवून अदलाबदल करतात, त्यामागे हीच रीत आहे. भाचीचा ग्रुप त्याच वंशातला.

आता माझ्या तारेकडे येतो. त्यात १९७२ च्या दुष्काळातलं एक कार्ड सापडलं. आजोबांच्या धाकट्या भावाचं. चार ओळी. विहीर आटली, बैलजोडी विकली, दोघं नवराबायको खडी फोडायच्या कामावर जातो, पोरांना तिकडे पाठवू का? खाली आजोबांच्या हातचं पेन्सिलीनं एवढंच, "आणली."

मी खाली बसलो. आमच्या घरात वाढलेले दोन काका 'तिकडचे' का म्हणवले जायचे, ते मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या सालच्या कुठल्या पेपरात आमच्या गावाची ओळही आली नसेल. गावच्या दुष्काळाची आमच्याकडची लेखी नोंद म्हणजे हे कार्ड. ते कापलं गेलं असतं तर गेलंच होतं. पण खरं सांगतो, माळ्यावर तसंच राहिलं असतं तरी गेलंच होतं. अर्ध्या तारेला कसर लागली होती. कात्री आणि कसर यांत कात्री निदान विचारून आली.

म्हणून आता आमच्या घरचा नियम ठरलाय. आधी वाचायचं. दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा, शिक्क्यावरचं गाव आणि तारीख वहीत उतरवायची. ज्यात माणूस बोलतोय त्याला हात लावायचा नाही. कोरी राहिलेली, छापील शुभेच्छांची, नुसता 'पोच मिळाली' एवढाच मजकूर असलेली कार्डं भाचीला. तिनं त्यातल्या एकावर एसटीची जुनी तिकिटं आणि आजीच्या लुगड्याचा काठ लावून मला पाठवलं. काठ यंत्रात अडकू नये म्हणून पाकिटात घालून.

तुमच्या माळ्यावरही अशी तार असेल. दिवाळी यायची वाट बघू नका. कापायची की जपायची हे नंतर ठरवा, आधी खाली काढा आणि वाचा. काही सापडलं तर खाली लिहा. आणि ज्यांना पत्ता द्यायचाय त्यांनी मेसेजमध्ये द्या, कार्ड मी पाठवतो. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशालाच आहे.