शाळेची वाट

शाळेचा इतिहास लिहितांना इमारती, शिक्षक आणि परीक्षा यांची नोंद होते. घरापासून शाळेपर्यंतची वाट बहुधा नोंदीबाहेरच राहते. पुण्यांत मात्र मुलींच्या शिक्षणाची पहिली कसोटी त्या वाटेवरच लागली.

१८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हां अवघ्या १७ वर्षांच्या होत्या. जातां-येतां त्यांच्यावर शेण, चिखल व दगड फेंकले जात. म्हणून त्या दुसरें लुगडें बरोबर नेत आणि शाळेंत पोंचल्यावर तें नेसत, असें त्यांच्याविषयींच्या आठवणींत सांगितलें जातें. सोबतीला एक शिपाईही नेमला होता म्हणतात. जी वाट शिक्षिकेला इतकी बिकट, ती लहानग्या मुलीला व तिच्या आईबापांना केवढी बिकट वाटली असेल! पुढें १८५१ च्या जुलैंत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यांत, सप्टेंबरांत रास्ता पेठेंत आणि १८५२ च्या मार्चांत वेताळ पेठेंत शाळा निघाल्या. शाळा जवळ आली म्हणजे वाटेचें भयही तितकेंच आखूड होतें.

कालांतरानें तो विरोध ओसरला. परंतु शहर पेठा ओलांडून दूरवर पसरलें आणि दगडांची जागा वाहनांच्या गर्दीनें घेतली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याखालील नियमांनीं पहिली ते पांचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आंत असावी, असें ठरविलें. महाराष्ट्र शासनानें २०११ सालीं शाळेच्या बसगाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, वेगनियंत्रक, गाडींत मदतनीस आणि प्रत्येक शाळेंत परिवहन समिति, हीं त्यांतील मुख्य कलमें. १८४८ सालीं सोबत पुरविण्याचा भार कांहीं थोड्या माणसांनीं स्वखुषीनें उचलला होता. आतां तो शाळेचें कर्तव्य ठरला.

तथापि बसचे नियम बसमधील मुलांपुरतेच. पायीं किंवा सायकलीनें जाणाऱ्या मुलाचें रक्षण मोकळा पदपथ, ठळक पट्ट्यांची ओलांडवाट आणि वाहन हांकणाऱ्याचा संयम यांनींच होतें. पूर्वीं वाट अडविणारा हेतुपुरस्सर अडवीत असे. पदपथावर मोटार उभी करणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत तसा हेतु नसतो. परंतु त्या मोटारीपायीं रस्त्याच्या मध्यावर यावें लागलेल्या मुलाला त्याच्या निर्हेतुकपणाचा काय उपयोग?