आपली भिंत, आपलें पान

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील वारली घरांत लग्न निघालें, म्हणजे प्रथम भिंत सारवली जाते. कुडावर शेणमातीचा हात, त्यावर गेरू, तांदळाचें पीठ आणि टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. एवढ्या सामग्रीवर सवासिणी लग्नाचा चौक लिहितात. भिंत घरची, सामग्री घरची नि रानांतली. त्यासाठीं परक्याची परवानगी लागत नाहीं.

१९७० च्या दशकाच्या आरंभीं चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं ही कला शहरांपुढें आणली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) कागदावर चित्रें काढूं लागले, त्यांची कीर्ति परदेशीं पोहोंचली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु कीर्तीमागून बाजार आला. कपांवर नि साड्यांवर वारली आकृति उमटल्या. लिहिणारीचें नांव व चौकाचा अर्थ मात्र गळाला. डहाणू तालुक्यांतील आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीनें २०१४ सालीं या कलेस भौगोलिक मानांकन मिळालें. नांवास कायद्याचें संरक्षण लाभलें. पण अर्थ सांगावा कोणीं आणि कोठें, हा प्रश्न राहिलाच. आज जो तो उत्तर महाजालावर शोधतो, म्हणून त्या महाजालाचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं ही कल्पना मांडली व १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ खुलें झालें. त्यावर केवळ मजकूर होता आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे होते. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें तंत्र सर्वांस विनामूल्य मोकळें केलें. १९९५ पासून जिओसिटीजसारख्या स्थळांवर सामान्य माणसें फुकट जागा घेऊन स्वतःचीं पानें लिहूं लागलीं. १९९४ च्या ऑक्टोबरांत जाहिरातीची पट्टीही प्रथम झळकली होती.

फुकट जागेची किंमत पुढें कळली. जिओसिटीज १९९९ सालीं याहूनें विकत घेतलें आणि २००९ सालीं जपानखेरीज सर्वत्र मिटविलें. २००४ सालीं निघालेलें, भारतीय तरुणांचें आवडतें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. मालकानें दार लावलें, म्हणजे भाडेकऱ्याची भिंत गेली.

परक्याच्या जमिनींत राबणें म्हणजे काय, हें या मुलखास सांगावें लागत नाहीं. १९४५ च्या मे महिन्यांत, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं वारल्यांची परिषद भरली व वेठ नाकारण्याचा निश्चय झाला. महाजालावरील राबणूक तशी क्रूर नव्हे. तेथें जमीनदाराचा चाबूक नाहीं. परंतु लिहिणारा फुकट लिहितो आणि त्याच्या लिखाणाभोंवतीं जाहिराती विकून पैसा दुसराच मिळवितो, एवढें साम्य आहेच.

यावर उपाय म्हणून २०११ पासून इंडीवेब नांवाची चळवळ, व २०१३ पासून निओसिटीज हें स्थळ, जुन्या मार्गाकडे वळलें: प्रत्येकाचें स्वतःचें, साधें पान. असें पान म्हणजे एक मजकुराची फाइल. मथळा कोणता, परिच्छेद कोठें, दुवा कोणता, हें सांगणाऱ्या चारदोन खुणा तींत घातल्या कीं झालें. देवनागरीच्या एका चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे ३,००० चिन्हांचा लेख सुमारें ९ किलोबाइटांत मावतो. व्यापारी पानें पुष्कळदां २,००० किलोबाइटांहून जड असतात. जेथें फोनची रेघ धड लागत नाहीं, अशा पाड्यावर हा फरक थोडा नव्हे.

अर्थात् सारवण पुन्हा पुन्हा करावें लागतें. पानाच्या नांवासाठीं वर्षासन भरावें लागतें, जागा बहुधा दुसऱ्याच्या यंत्रावर घ्यावी लागते, आणि बाजाराची गर्दी तेथें आपण होऊन येत नाहीं. तथापि फाइल आपल्यापाशीं असल्यानें एकानें दार लावलें तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवितां येतें.

म्हणून चौकांतील एकेका खुणेचा अर्थ, तो लिहिणाऱ्या सवासिणींच्याच शब्दांत, पाड्यावरील एखादी शिकलेली मुलगी अशा साध्या पानावर मांडील, तर तें काम लहान नव्हे. बाजारानें गाळलेलें नांव तेथें पुन्हा लिहिलें जाईल.