पेटी ते संगणक : पट्टीच्या निवडीचा महाराष्ट्रातील इतिहास

प्रस्तावना :

संगणकावर संगीतरचना करू पाहणाऱ्या नवशिक्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पट्टीचा. बारा स्वरांपैकी कोणता स्वर षड्ज मानून रचना बांधावी? प्राथमिक मार्गदर्शिकांत याचे उत्तर बहुधा ‘पांढरी एक’ असे मिळते, कारण तेथे एकही काळी पट्टी न दाबता शुद्ध स्वरांचे सप्तक वाजते. हे उत्तर बोटांच्या सोयीचे आहे, संगीताच्या सोयीचे असेलच असे नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न विद्युत वाद्यांच्या कितीतरी आधीपासून विचारला जात आहे. प्रत्येक काळात त्याचे उत्तर कोणी द्यायचे, गळ्याने, वाद्याने की यंत्राने, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पट्टी या संज्ञेचा उदय :

तंबोऱ्याच्या काळात षड्जाला निश्चित उंची नव्हती. गायकाचा गळा जेथे मंद्रात आणि तारात सारख्याच सहजतेने फिरेल, तेथे तंबोरा जुळवला जाई. वारकरी भजनातही वीणेच्या सुरावर सारे गायन उभे राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेली पेटी हिंदुस्थानात रुळली आणि चित्र पालटले. तंबोऱ्याची तार ताणता किंवा सैल करता येते, पेटीचे सूर मात्र कारखान्यातच कायम झालेले असतात. त्यामुळे गायकाला आपला षड्ज बारांपैकी एका ठिकाणी आणून बसवावा लागला आणि त्या ठिकाणाला पट्टीच्या रंगावरून व क्रमांकावरून नाव मिळाले. पुरुषांची काळी एक, स्त्रियांची काळी चार किंवा काळी पाच ही भाषा रूढ झाली. संगीत रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली, तर भजनी मंडळांनी ती गावोगावी नेली. आज लासलगावच्या परिसरातील भजन असो वा नाशिकचा गायनवर्ग, ‘काळी एक’ म्हणताच तबलजी कोणता तबला काढायचा ते ओळखतो.

दाबायची पट्टी आणि निवडायची पट्टी या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. नवशिक्याचा गोंधळ बराचसा येथूनच सुरू होतो. केवळ पाच काळ्या पट्ट्या घेतल्या तरी हे स्पष्ट होते. काळी तीन षड्ज मानली तर त्या पाच पट्ट्यांतून भूप उमटतो, काळी पाच मानली तर मालकंस आणि काळी एक मानली तर दुर्गा. बोटांखालील पट्ट्या बदललेल्या नाहीत, बदलला तो केवळ षड्ज. आपल्या परंपरेतील मूर्च्छनेचे तत्त्व हेच होय. पांढऱ्या पट्ट्यांचेही तसेच आहे : पांढऱ्या एकवर बिलावल, तर पांढऱ्या सहावर आसावरी थाट.

श्रुतिपेटीचा प्रयोग :

पेटीने गायकाची सोय केली, पण तिची किंमतही घेतली. कोणत्याही पट्टीवरून गाता यावे म्हणून तिचे बाराही स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे शुद्ध गांधार नैसर्गिक स्थानापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो आणि धैवत सुमारे १६ सेंट. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिपेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत या विषयावर वाद झडला; पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना हा मार्ग मान्य नव्हता. मतभेद बाजूला ठेवले तरी एक व्यावहारिक अडचण उरते. शुद्ध अंतरांनी बांधलेले वाद्य एका षड्जाशी जखडले जाते. षड्ज हलवला की इतर स्वरांची अंतरे बिघडतात. म्हणजे साध्या पेटीवर बारा पट्ट्या मिळतात पण स्वर तडजोडीचे, आणि श्रुतिपेटीवर स्वर शुद्ध पण पट्टी बांधलेली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. तिच्यामागे स्वरशुद्धतेचाच आक्षेप प्रमुख होता.

विद्युत वाद्यांचे आगमन :

१९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवणारी ध्वनिमुद्रिका काढली. त्यात भूपाली व मालकंस हे वर सांगितलेले दोन्ही रागही आहेत. रोलँड कंपनीची टीबी-३०३ व टीआर-८०८ ही यंत्रे त्यांनी वापरली. ती मुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर तिची जगभर चर्चा झाली. निवडीचा क्रम या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची आहे : रचनेची ओळख पट्टीने नव्हे, तर रागाने ठरली.

अशा संगीतात पट्टीचे महत्त्व अन्य कारणाने वाढते. त्याचा पाया खर्जातील सुरावर असतो. पांढऱ्या एकचा अतिखर्ज सूर दर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा आहे. लहान ध्वनिक्षेपकांतून तो जवळजवळ ऐकूच येत नाही. एक सप्तक वर नेला तर ६५ कंपने होतात आणि खोली हरवते. याउलट पांढरी तीन ते पांढरी सहा या टप्प्यात तोच सूर ४१ ते ५५ कंपनांवर राहतो. नवशिक्याला सुचवली जाणारी सोपी पट्टी खर्जाच्या दृष्टीने गैरसोयीची ठरते ती यामुळे. रचनेत गायन असेल, तर मात्र गळ्याचाच अधिकार पहिला. संगणकावर एका कळीने पट्टी बदलता येते हे खरे; पण ध्वनिमुद्रित गळा दोन-तीन स्वरांहून अधिक सरकवला की कृत्रिम वाटू लागतो.

देवलांच्या काळातील अडचण मात्र आता बरीच सुटली आहे. अनेक संगीतप्रणालींत प्रत्येक स्वराचे स्थान सेंटच्या हिशेबाने ठरवता येते. गांधार १४ सेंटनी उतरवून ठेवला आणि षड्ज काळी एकवरून पांढरी पाचवर नेला, तरी नवा षड्ज प्रणालीला कळवताच सारी अंतरे त्याच्यासोबत सरकतात.