फोल्डरांचा उलटा वृक्ष

घरातील एका संगणकावर चित्रपट आणि गाणी साठवायची व ती दूरचित्रवाणी संचावर किंवा मोबाइलवर पाहायची, ही सोय आता अनेक घरांत दिसते. असा साठा पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. 'फायली फोल्डरांत नीट लावा, म्हणजे सर्व्हर जलद चालेल,' असा सल्ला नेहमी दिला जातो. तो कितपत खरा आहे? हे ठरवण्यासाठी फोल्डर म्हणजे नेमके काय आणि तो कसा जन्मला, हे पाहावे लागेल.

१९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉरबाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागले. प्रत्येकाला आपल्या फायलींची यादी मिळे. पण यादीच्या पोटात दुसरी यादी नसे. पुढे मल्टिक्स या प्रणालीसाठी डेली व न्यूमन यांनी १९६५ च्या निबंधात वेगळी रचना मांडली. फायलींची यादी हीच एक फाइल मानली, तर एका यादीत दुसरी यादी ठेवता येते. यातून मूळ वर आणि फांद्या खाली असलेला, वंशावळीसारखा वृक्ष तयार झाला.

मल्टिक्समधून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये हीच कल्पना सुटसुटीत केली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये यादीतील एक नोंद अवघी १६ बाइटची होती : १४ बाइट नावासाठी आणि २ बाइट क्रमांकासाठी. फाइलचा आकार व तबकडीवरील जागा ही माहिती त्या क्रमांकाखाली वेगळी ठेवलेली असे. म्हणजे फोल्डर ही वस्तू ठेवण्याची पेटी नव्हे. ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी आहे.

छोट्या संगणकांना ही रचना उशिरा मिळाली. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर जास्तीत जास्त ६४ फायली मावत. त्यांना एकच यादी पुरे. १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि तिच्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये फोल्डर आले. १९८४ च्या मॅकिंटॉशवर फोल्डरांची चित्रे दिसत, पण तबकडीवर सगळ्या फायलींची यादी एकच होती. खरी वृक्षरचना तेथे १९८५ मध्ये आली.

वृक्षाचा फायदा गणिताने पाहू. एका यादीत ४०९६ नावे असतील आणि यंत्र ती ओळीने वाचत असेल, तर एक नाव शोधताना सरासरी सुमारे २०४८ नावे वाचावी लागतात. आता १६ फोल्डर, प्रत्येकात १६ फोल्डर आणि त्या प्रत्येकात १६ फायली अशी मांडणी करा. फायली तेवढ्याच, पण पूर्ण पत्ता माहीत असल्यास जास्तीत जास्त ४८ नावे वाचून काम भागते. लिनक्सच्या ext2 पद्धतीत (१९९३) नावे अशी ओळीनेच शोधली जात. पुढे ext3 मध्ये मोठ्या यादीसाठी सूची बनवण्याची सोय झाली. त्यामुळे आज हा फरक पूर्वीइतका जाणवत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फाइल एकदा सापडली, की चित्रपट तबकडीवरून सरळ वाचला जातो. ती कोणत्या फोल्डरात आहे, याने तेव्हा काही फरक पडत नाही. चित्र अडखळत असेल, तर कारण तबकडी, घरातील नेटवर्क किंवा चित्रफितीचे दुसऱ्या स्वरूपात चाललेले रूपांतर यांत शोधावे. फोल्डरांचा उपयोग होतो तो त्याआधी, सर्व्हर साठ्याची तपासणी करतो तेव्हा. फोल्डरात फाइलची भर पडली, की त्या फोल्डरावरील बदलाची वेळ नवी होते. ती पाहून काही सर्व्हर न बदललेले फोल्डर सोडून देतात. सगळे एकाच फोल्डरात कोंबले असेल, तर एका नव्या गाण्यासाठी संपूर्ण यादी पुन्हा तपासावी लागते.

दुसरा उपयोग ओळख पटण्याचा. प्लेक्स (२००८) किंवा जेलीफिन (२०१८) यांसारख्या प्रणाली फोल्डर व फाइलच्या नावावरून चित्रपट ओळखतात. 'श्यामची आई' हा अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आहे आणि त्याच नावाचा दुसरा २०२३ चा. म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि नावापुढे कंसात वर्ष लिहावे. मालिकांसाठी मालिका, पर्व, भाग असा क्रम ठेवावा. गाण्यांसाठी गायक, संग्रह, गाणे.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. काही गिगाबाइटची चित्रफीत एकाच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवा : काम क्षणात होते. तीच पेनड्राइव्हवर हलवा : बराच वेळ लागतो. पहिल्या वेळी फक्त यादीतील नोंद हलली, चित्रफीत जागची हललीच नाही. फरकाचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.