तळटीप : नसरापूरचे मिशन

पुणे–सातारा रस्ता सोडून गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, वळताना आधी नसरापूर लागते. मूळ मजकुरातले ‘मिशनवाले’ ते इथले. ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ हे त्यांचे नाव. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी ते १८९३मध्ये सुरू केले. शहर सोडून खेड्यापाड्यांत ठाण मांडायचे, हा त्यांचा आग्रह.

त्या काळी मिशनचे दौरे थंडीत निघत : बैलगाडी, राहुट्या, मराठी शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि औषधांची पेटी. पुस्तिकांपेक्षा पेटीभोवती गर्दी जास्त होत असावी, असे मानायला हरकत नाही.

पुस्तिकांची भाषा मराठी, तसे ख्रिस्ती उपासनेचे वळणही मराठी झाले; तिच्यात अभंग-कीर्तन रुळवण्याचे मोठे श्रेय रेव्हरंड ना. वा. टिळकांचे (१८६१–१९१९). त्यांची पदे ‘उपासना संगीता’तून मराठी मंडळ्या आजही गातात.

उलट दिशेचा, म्हणजे चर्चमधून देवळाकडचा, प्रवासही नसरापूरलाच सापडतो. जवळच्या बनेश्वराच्या शिवमंदिरातल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यावर अशा पोर्तुगीज चर्चघंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत पोहोचल्या.