जॉन स्टुअर्ट मिलचे बालपण

बुद्धिमान मूल घरात जन्मास येणे हे भाग्य खरेच. परंतु ते वाढवणे किती बिकट असते, हे पाहावयाचे तर आम्हांस जॉन स्टुअर्ट मिल ह्याचे चरित्र प्रथम आठवते.

मिलचा जन्म १८०६ साली लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल हेच त्याचे गुरू. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, असा क्रम होता. पुढे १८१७ साली प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानचा इतिहास वडील ज्या मेजावर लिहीत, त्याच मेजावर मुलगा ग्रीक शिके. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता. अडलेला प्रत्येक शब्द मुलाने विचारावा आणि उतावीळ स्वभावाच्या वडिलांनी लेखणी थांबवून तो सांगावा! ह्या कष्टांविषयी आम्हांस आदरच वाटतो.

मात्र मुलाला शाळा नव्हती, सुट्टी नव्हती, सवंगडीही नव्हते. धाकट्या भावंडांना तोच शिकवी आणि त्यांच्या चुकांचा जाबही त्यालाच द्यावा लागे.

१८२३ साली, सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत वडिलांच्या हाताखाली कारकून झाला. मसुदे लिहिण्यात आयुष्य वेचणाऱ्या आम्हां कारकुनांना तो त्यामुळे अधिकच जवळचा वाटतो. १८२६ साली त्याने स्वतःस विचारले : ज्या सुधारणांसाठी आपण झटतो त्या सर्व आज घडून आल्या, तर आपण सुखी होऊ काय? मनाने नकार दिला आणि जगण्याचा आधारच खचला. कामे यंत्रवत चालू राहिली. हे दुःख वडिलांना सांगावे असे मात्र त्याला वाटेना. प्रत्येक ग्रीक शब्द ज्यांना विचारला, त्यांना ही एक गोष्ट सांगता आली नाही. पुढे मार्मोंतेल ह्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत पित्याच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना त्याला रडू आले, तेव्हा कोठे भार हलका होऊ लागला. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्याला आणखी सावरले.

बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतांत वसलेल्या आपल्या घरांत मुलांचे आप्त दूर असतात आणि जुळलेले मित्रही दर बदलीला सुटतात. हुशार मुलाला पुस्तके आणि शिकवण्या आपण हौसेने पुरवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गुणपत्रिका पाहताना तो खेळतो कोणाशी, आणि मन जड झाले तर बोलतो कोणाशी, हेही आपण पाहिले पाहिजे.