एका गुणाची किंमत

नवा मोठा गेम बाजारात आला की आठवड्याभरात एक तक्रार हमखास ऐकू येते: समीक्षक विकले गेलेत, पूर्वीची परीक्षणं प्रामाणिक असायची. तक्रारीच्या पूर्वार्धात कधीकधी तथ्य असतं, उत्तरार्धाला मात्र इतिहासाचा आधार नाही. व्हिडिओ गेमचं परीक्षण जन्मलं तेच विक्रेत्याच्या ओसरीवर. अमेरिकेत १९७९ साली आर्नी कॅट्झ आणि बिल कंकल यांनी ‘व्हिडिओ’ मासिकात ‘आर्केड ॲली’ हे सदर सुरू केलं आणि १९८१ साली जॉइस वर्ली यांच्यासह ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र मासिक काढलं. ज्या कंपन्यांच्या कार्ट्रिजवर लिहायचं, त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर अंक चालवायचा, ही रीत तेव्हापासूनची. ब्रिटनमध्ये प्रकार आणखी उघड होता. श्रॉपशरमधल्या लडलो या छोट्या गावात रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्राय बंधू झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या गेम-कॅसेट टपालानं विकत असत. गिऱ्हाइकांना पाठवायच्या यादीत ते प्रत्येक कॅसेटबद्दल चार ओळी लिहीत. त्या यादीचंच १९८४ च्या सुरुवातीला ‘क्रॅश’ नावाचं मासिक झालं. माल विकणाराच मालाची परीक्षा घेणार, म्हटल्यावर आज कुणीही नाक मुरडेल. तरीही त्या काळच्या ब्रिटिश पोरांनी ज्या परीक्षणांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांत ‘क्रॅश’चा क्रम वरचा होता.

याचं कारण कीन आणि फ्राय यांच्या सचोटीत शोधण्यापेक्षा त्यांच्या पद्धतीत शोधावं. त्यांनी परीक्षणाचं काम गावातल्या शाळकरी मुलांना दिलं. एका गेमवर एकाच लेखकाचं मत छापायचं नाही, तर निरनिराळ्या मुलांची मतं शेजारीशेजारी द्यायची, ती जुळली नाहीत तरी चालेल. आणि खाली टक्के. ग्राफिक्सला इतके, खेळण्यातल्या मजेला इतके, पैशाच्या मोबदल्याला इतके, आणि शेवटी एकूण. त्यात एक रकाना व्यसन लावण्याच्या ताकदीचा असे, आणि तिथे नव्वद टक्के मिळणं ही शाबासकी होती! आज तोच शब्द पालकांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी आहे, हे जाता जाता. मुद्दा असा की हे टक्के एका ठरावीक माणसासाठी होते. स्पेक्ट्रमची नवी कॅसेट साधारण सहा ते दहा पौंडांना पडे, आणि गिऱ्हाईक होतं खाऊचे पैसे साठवणारं पोर. कॅसेट घरी नेऊन लोड केल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही. मास्टरट्रॉनिकसारख्या कंपन्यांनी १.९९ पौंडांच्या स्वस्त कॅसेट आणल्या तेव्हा तर रद्दी आणि रत्न यांची सरमिसळ आणखी वाढली. अशा ठिकाणी ‘९२ टक्के’ हा आकडा टीकेचा अपमान नव्हता. ज्याचे पैसे पणाला लागले होते, त्याला दिलेला तो सल्ला होता.

गेमच्या परीक्षणातल्या आकड्याला आज जी शिवी घातली जाते, ती मला म्हणूनच अर्धवट वाटते. आकडा मुळातच वाईट होता असं नाही, आणि समीक्षक एकाएकी लाचार झाले असंही नाही. बिघाड झाला तो आकड्याचा वाचक बदलल्यामुळे. घेणाऱ्यासाठी छापलेली गोष्ट विकणाऱ्यांच्या करारात जाऊन बसली, आणि तिथून तिनं परीक्षणाला मागे ओढायला सुरुवात केली.

हा बदल व्हायला वीसएक वर्षं लागली. मधल्या काळात आकडा फुगत होता, यात शंका नाही. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’नं चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, अशी पद्धत रुळवली. तिथे चाळीसपैकी चाळीस मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं. मान मिळाला ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला. नंतरच्या वर्षांत पूर्ण गुणांची नवलाई उरली नाही. पाश्चात्त्य मासिकांत तर सत्तरच्या खाली गेलेला गेम नापास, असा अलिखित नियमच झाला. त्याविरुद्ध भांडणारेही होते. ब्रिटनमधल्या ‘अमिगा पॉवर’नं १९९१ ते १९९६ या काळात हट्टानं शंभरची पूर्ण पट्टी वापरली. सामान्य गेमला पन्नासच्या आसपास टक्के देऊन गेम काढणाऱ्या कंपन्यांशी वैर ओढवून घ्यायलाही ते मासिक कचरलं नाही. ‘एज’ मासिकानं १९९४ साली ‘डूम’ला दहापैकी सात दिले आणि यातल्या राक्षसांशी बोलता आलं असतं तर, अशी हुरहुर व्यक्त केली. त्या परीक्षणाची आजवर टिंगल होते. मला ते त्या दशकातल्या चांगल्या परीक्षणांपैकी वाटतं, कारण समोर असलेल्या गेमपलीकडे काय शक्य आहे याची भूक त्यात दिसते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शत्रूशी बोलता येणारे गेम आलेच. पण टिंगल असो की कौतुक, तो ‘एज’चा सात होता. वाचकाला ‘एज’चा स्वभाव ठाऊक होता, आणि शेजारच्या मासिकाचा नऊ वाचून तो आपला हिशेब लावू शकत होता. आकड्याला गोत्र होतं.

ते गोत्र पुसलं गेलं २००१ साली, ‘मेटाक्रिटिक’ नावाच्या संकेतस्थळामुळे. कल्पना साधी आणि उपयोगी होती. जगभरातल्या परीक्षणांचे गुण शंभरच्या पट्टीवर आणायचे, कुठल्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं ते आपण ठरवायचं (ते वजन जाहीर करायचं नाही), आणि एक सरासरी छापायची. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०, इंग्रजी अक्षरांतली श्रेणी म्हणजे अमुक. ज्या समीक्षकानं शंभरची पट्टी कधी हातात धरली नव्हती, त्याचंही मत तिच्यावर मोजलं गेलं. वाचकासाठी ही सोय होती. पण या सरासरीचं खरं गिऱ्हाईक वाचकाहून श्रीमंत निघालं. गेम छापून विकणाऱ्या कंपन्यांना, ज्या स्टुडिओंकडून त्या गेम बनवून घेतात त्यांच्या कामाचा दर्जा मोजायला एक आयतं माप मिळालं. २०१२ साली एका खटल्याच्या निमित्तानं बंजी हा स्टुडिओ आणि ॲक्टिव्हिजन ही कंपनी यांच्यातला ‘डेस्टिनी’ या गेमचा करार लोकांसमोर आला. त्यात एक कलम असं होतं की ‘गेमरँकिंग्ज’ या तशाच संकेतस्थळावर सरासरी ९० गाठली तर स्टुडिओला २५ लाख डॉलर जादा मिळतील. त्याच वर्षी ऑब्सिडियन या स्टुडिओच्या ख्रिस अव्हेलोन यांनी सांगितलं की २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’साठी त्यांचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ वर ठरला होता. मिळाले ८४. दहावीला एका गुणानं वर्ग हुकलेला मुलगा निदान फेरतपासणीचा अर्ज करतो. इथे पेपर तपासणाऱ्यांपैकी कुणालाही आपण हा पेपर तपासतोय, हे ठाऊक नव्हतं.

यावर असं म्हणता येईल की दोष करार लिहिणाऱ्यांचा, समीक्षकांचा काय संबंध? ‘न्यू व्हेगस’ बाहेर पडला तेव्हा त्यात बगची रेलचेल होती, समीक्षकांनी ते लिहिलं, आणि ते त्यांचं कामच होतं. हे बरोबर आहे. पण परिणाम एकतर्फी राहत नाही. आपल्या आकड्यावर कुणाचा तरी पगार अडकलाय हे एकदा कळल्यावर समीक्षकाचा हात जड होतो. ज्याला ते कळत नाही, त्याच्याकडून तो आकडा कसा काढून घ्यायचा, याची व्यवस्था कंपनी करते. ही व्यवस्था लाच देऊन होत नाही. ती होते वेळेतून आणि प्रवेशातून: गेमची प्रत कुणाला, किती दिवस आधी आणि कुठल्या यंत्रासाठी द्यायची, परीक्षण कोणत्या तासाला छापू द्यायचं. डिसेंबर २०२० मधला ‘सायबरपंक २०७७’ हा याचा धडधडीत दाखला. प्रदर्शनाआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली, आणि परीक्षणासोबत स्वतः खेळलेलं चित्रण दाखवायला मनाई होती. कंपनीनं पुरवलेलंच वापरायचं. त्या परीक्षणांची सरासरी नव्वदच्या पुढे गेली. १० डिसेंबरला गेम लोकांच्या हाती पडला, तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर तो धड चालेना, आणि आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला. यातल्या फार थोड्या समीक्षकांनी खोटं लिहिलं असेल. पीसीवर जे दिसलं त्याला त्यांनी गुण दिले, आणि ते गुण ज्या यंत्रावर गेम चालत नव्हता त्याच्या गिऱ्हाइकालाही विकले गेले. पुढे उघड झालेली गोष्ट अशी की ‘सायबरपंक’ बनवणाऱ्यांच्या बोनसलाही मेटाक्रिटिकच्या नव्वदीची अट होती. गोंधळ झाल्यावर कंपनीनं ती अट सोडली.

सरासरीचे समर्थक आणखी एक मुद्दा काढतात, आणि तो हलका नाही. एका समीक्षकाला दाबता येतं, पन्नासांना येत नाही. २००७ साली ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळाच्या जेफ गेर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा दिले. त्या वेळी सगळं संकेतस्थळ त्याच गेमच्या जाहिरातींनी मढलं होतं. काही दिवसांत गेर्स्टमन यांची नोकरी गेली, आणि यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे २०१२ साली त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. मग गर्दीच्या सरासरीत एका माणसाची सुटका नाही का? कागदावर आहे. प्रत्यक्षात मात्र जिथे प्रत्येक दशांश मोजला जातो, तिथे कमी गुण देणारा एकटा माणूस गर्दीत लपत नाही, उलट उठून दिसतो. सरासरीला खाली ओढणारा तो कोण, हे एका क्लिकमध्ये सापडतं. चाहते त्याच्यावर तुटून पडतात, आणि पुढच्या वेळी प्रत मिळेल की नाही याची काळजी त्याची त्यालाच.

तर मग समीक्षक नकोतच, खेळणाऱ्यांनाच विचारा, हा गेल्या दशकातला लाडका तोडगा. ‘स्टीम’ या दुकानानं २०१३ पासून गिऱ्हाइकांना आपलं मत लिहायची सोय दिली: अंगठा वर, नाहीतर खाली. गेम आपल्या खात्यात असल्याशिवाय मत देता येत नाही, ही अट चांगली होती. पण अंगठ्यांची बेरीज गेमचंच मोजमाप करते, असं समजणं भाबडेपणाचं आहे. मेटाक्रिटिकवरच्या वाचकांच्या गुणांत २०२० च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस भाग २’वर काही तासांतच शून्यांचा पाऊस पडला, तेवढ्या वेळात तो गेम संपवणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि मेटाक्रिटिकला वाचकांचे गुण दीड दिवस रोखून धरायचा नियम करावा लागला. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’साठी सोनीनं पीसीवाल्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं केलं. दोन लाखांहून अधिक नापसंत्या कोसळल्या आणि तीन दिवसांत सोनीनं माघार घेतली. माझ्या लेखी तो ग्राहकांचा रास्त विजय होता, पण ते परीक्षण नव्हतं, संप होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ आला, तेव्हा तो थेट खेळून दाखवणाऱ्या काही स्ट्रीमरना प्रतीबरोबर न बोलायच्या विषयांची यादीही मिळाली होती, राजकारण, स्त्रीवाद, कोविड वगैरे. म्हणजे लडलोची ओसरी तशीच आहे, फक्त बसणारे बदलले.

आकडा काढून टाकून हे सुटतं का? ‘युरोगेमर’नं २०१५ साली ते करून पाहिलं: गुण बंद, मेटाक्रिटिकशी फारकत. त्या परीक्षणांचा दर्जा वाढला असं मला वाटतं, कारण लेखकाला शेवटच्या आकड्याचं समर्थन करण्यासाठी मजकूर वाकवावा लागला नाही. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला ‘राजी’ २०२० साली आला, तेव्हा आकड्याची मर्यादा जवळून दिसली. परदेशी परीक्षणांत त्यातल्या वास्तूंचं, चित्रशैलीचं आणि दुर्गा-विष्णूंच्या संवादातून उलगडणाऱ्या कथेचं कौतुक होतं. लढाई तोकडी आणि शेवट अचानक, ही तक्रारही बहुतेकांची. या दोन्ही गोष्टी एका संख्येत घातल्या की ‘बरा आहे’ एवढंच उरतं, आणि ‘बऱ्या’ गेमची गर्दी तर बाजारात पावलोपावली असते. २०२२ साली ‘राजी’ची सुधारित आवृत्ती निघाली, हिंदी आवाजांसह. मेटाक्रिटिक मात्र परीक्षकाचा पहिला आकडाच धरतं, नंतर मत बदललं तरी. दुरुस्त्या होत राहणाऱ्या वस्तूला जन्मदिवशीचे गुण कायमचे चिकटवण्याचा हा प्रकार कॅसेटच्या काळात चालून गेला असता, कारण कॅसेट बदलत नसे.

‘युरोगेमर’नं २०२३ साली पाच ताऱ्यांच्या रूपात गुण परत आणले. घाईत असलेल्या वाचकाला काहीतरी खूण हवीच असते, आणि बाराशे शब्द वाचायची सक्ती त्याच्यावर कुणी करू नये, हे मान्य. ताऱ्यांचा एक फायदा मात्र फारसा बोलला जात नाही. मेटाक्रिटिकच्या हिशेबात चार ताऱ्यांचे ८० होतात आणि पाचांचे १००. अधलंमधलं काही नाही. सगळ्यांनी अशीच ढोबळ पट्टी वापरली, तर ८४ आणि ८५ यांच्यातला फरक गेमच्या गुणवत्तेपेक्षा सरासरीत कोणती पाच-दहा संकेतस्थळं धरली यावर ठरेल, आणि त्यावर बोनस बांधणाऱ्या वकिलाला आपलं कलम नव्यानं लिहावं लागेल.